बूड खाली, हात वर!

मुलांनो, पावसाळ्यात चिखलात घसरून पडलात की घरी काय होतं ते मी सांगायला नको. आधी बोलणी, मग आंघोळ, आणि शाळेची पँट भिजत घातल्यावर पुन्हा एकदा बोलणी! पण एक खेळ असा आहे, की त्यात भरधाव पळता पळता मुद्दाम घसरायचं असतं. आणि तुम्ही नीट घसरलात, तर अंपायर दोन्ही हात आडवे पसरून मोठ्यानं म्हणतो, ‘सेफ!’

खेळाचं नाव सॉफ्टबॉल. आपल्या महाराष्ट्रात तो बऱ्याच शाळांतून खेळला जातो. शालेय स्पर्धांमध्ये चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींचे संघ उतरतात. तुमच्यापैकी काही जण खेळतही असतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या खेळाचा जन्म 1887 साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला, तोही मैदानावर नाही, तर एका क्लबच्या बंद दिवाणखान्यात. काही तरुण मंडळी जमली होती. गंमत म्हणून एकानं बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थानं त्यातून खेळ उभा केला. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला 1926 मध्ये मिळालं. नावात सॉफ्ट असलं तरी आजचा चेंडू मऊ नसतो बरं का! मोठ्यांच्या चेंडूचा घेर 12 इंच असतो आणि तो चांगला टणक असतो. महिलांचा सॉफ्टबॉल 1996 साली अटलांटाला ऑलिंपिकमध्ये आला, 2008 पर्यंत राहिला, मग वगळला गेला आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत परत आला. तिथं जपानच्या मुलींनी सुवर्णपदक घेतलं. 2028 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकच्या यादीतही तो आहे.

आता मैदान बघा. एक चौरस काढा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी. एक होम प्लेट, बाकी तीन बेस. एका ठाण्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर. चेंडू टोलवला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळत सुटायचं, तिथून दुसरा, तिसरा आणि परत होम. चारी ठाणी गाठली की एक धाव.

पहिल्या बेसला स्पर्श करून सरळ पुढं पळत गेलात तरी चालतं. होम प्लेटचंही तसंच. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर ती सवलत नाही. तिथं बेस ओलांडून पुढं गेलात आणि चेंडू हातात घेतलेल्या खेळाडूनं तुम्हाला शिवलं, की तुम्ही बाद! मग करायचं काय? बेस जवळ आला की वेग कमी करायचा? तेवढ्यात कॅचरनं फेकलेला चेंडू येऊन पोहोचतो. होमपासून दुसरा बेस म्हणजे चौरसाचा कर्ण. मोठ्या वर्गातल्या मुलांनी पायथागोरसला विचारावं, उत्तर साधारण 25.87 मीटर येईल. चांगला कॅचर तेवढं अंतर क्षणात कापतो. म्हणून पळणारा वेग कमी करत नाही, घसरतो. शेवटपर्यंत पूर्ण वेग आणि बेसवर बरोबर थांबणं, ही दोन्ही कामं घसरण्यानं साधतात. शिवाय अंग खाली गेल्यामुळं शिवणाऱ्याला वाकावं लागतं, हा आणखी एक फायदा. यालाच स्लाइड म्हणतात.

हे सगळं मला चार वर्षांपूर्वीही पाठ होतं. पुस्तकात वाचलं होतं, मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. तरी माझ्या हातून चूक झाली. ती तुम्हाला, आणि विशेषतः हे पान वाचणाऱ्या आईबाबांना सांगायची आहे.

आमची शाळा सातवीपर्यंतची. सॉफ्टबॉलचा संघ आम्ही नवीनच बांधला होता. तालुक्याचा सामना होता. सहावीतली एक मुलगी, आमच्या संघातली सगळ्यांत वेगवान, पहिल्या बेसवरून दुसऱ्याकडे निघाली. चेंडू मागून येताना मला दिसला आणि मी रेषेबाहेरून ओरडले, ‘घसर गं, घसर!’ तिनं दुसऱ्या शाळेच्या मुलींना घसरताना पाहिलं होतं, एवढंच. माझा आवाज ऐकून ती क्षणभर अडखळली. बेस दोन पावलांवर आला तेव्हा कशीबशी मागं बसली, आणि पडताना आपण सगळेच जे करतो तेच तिनं केलं. हात मागं टेकला. सगळा भार त्या एका मनगटावर आला.

हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि तेही उजव्या हाताला. चाचणी परीक्षेत ती सांगायची आणि पाचवीतली एक मुलगी लिहायची.

मी तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई अंगणात कांदे निवडत होती. ओरडली नाही, रागावली नाही. चहा ठेवला. मग शांतपणे म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही हिला पळायला शिकवलंत, बॉल मारायला शिकवलंत. पडायला शिकवलं होतंत का?’’

मला काही बोलता येईना. चहाही घशाखाली उतरेना.

पुढच्याच शनिवारी मी तालुक्याच्या गावी एका हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांना गाठलं. त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांचं पहिलंच वाक्य होतं, ‘‘बाई, पडायला नाहीच शिकवायचं. बसायला शिकवायचं.’’ मग त्यांनी गवतावर बसून मला दाखवलं, आणि नंतर मलाही बसायला लावलं. साडीत! नाइलाजानं मी दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून परत गेले.

तर मुलांनो, तेच आता तुम्हाला सांगते. हे वाचताना शक्य असेल तर गवतावर किंवा सतरंजीवर बसा.

दोन्ही पाय पुढं पसरा. आता एक पाय गुडघ्यात मोडून दुसऱ्या पायाच्या गुडघ्याखाली आडवा सरकवा. वरून पाहिलं तर इंग्रजी चारचा आकडा दिसतो. (आपला मराठी चार नव्हे, त्याचा आकार जमवायला गेलात तर दवाखाना गाठाल.) कोणता पाय मोडायचा? ते सरांनी किंवा बाईंनी ठरवायचं नसतं. पाच-सहा वेळा पटकन उठा आणि बसा. जो पाय आपोआप खाली जातो, तोच तुमचा. माझ्या वर्गात बहुतेकांचा उजवा गेला, काहींचा डावा. डावखुऱ्या मुलाचा डावाच जाईल असंही काही नाही.

पुढं पसरलेला पाय अगदी ताठ ठेवायचा नाही, गुडघ्यात किंचित सैल. टाच जमिनीपासून थोडी वर, बोटं आभाळाकडं. हे फार महत्त्वाचं आहे. टाच किंवा बुटाचा तळ जमिनीत रुतला, की पाय जागीच अडकतो आणि अंग पुढं जातं. घोटा मुरगळतो तो असा. मोडलेल्या पायाचं पाऊलही आडवंच राहिलं पाहिजे. भार कशावर? बुडावर आणि मोडलेल्या पायाच्या मांडीवर. गुडघ्यावर नाही. अंग थोडं मागं रेललेलं, पण हनुवटी छातीला टेकलेली, म्हणजे डोकं मागं आपटत नाही आणि बेसही दिसत राहतो. आणि हात? हात वर. दोन्ही. मुठी मिटलेल्या.

‘बूड खाली, हात वर’ ही घोषणा आमच्या पोरांनीच काढली. पहिले दोन दिवस ‘बूड’ म्हटलं की सगळा वर्ग खो खो हसायचा. मी हसू दिलं. हसणारं मूल अंग आखडत नाही, आणि अंग आखडलं की लागतं जास्त.

बसणं जमलं की दुसरा खेळ. एक जण रिकाम्या गोणपाटावर याच आसनात बसतो आणि दोघं जण गवतावरून गोणपाट ओढतात. घसरताना अंगाला काय वाटतं, वारा कसा लागतो, तोल कुठं जातो हे त्यात कळतं. कुठलीही भीती नाही, नुसती मजा. आमच्याकडे यासाठी रांग लागायची, अगदी पहिलीतली पोरंसुद्धा येऊन उभी राहायची.

त्यानंतर ताडपत्री. हिरवळीवर किंवा मऊ मातीवर मोठी ताडपत्री अंथरायची. आधी खालची जागा हातानं चाचपून खडे, काटे, काचा वेचायच्या. वेचायला मुलांनाच लावावं, ती मोठ्यांपेक्षा बारकाईनं पाहतात. कोपऱ्यांवर विटा-दगड ठेवायचे नाहीत, वाळूनं भरलेल्या पिशव्या ठेवायच्या. वर बादलीभर पाणी आणि थोडा शाम्पू. कपडे धुण्याची पावडर नको, डोळ्यांत गेली की झोंबते. बूट काढून पायमोज्यांवर पळायचं आणि अंगात फुल पँट हवी. ज्या दिवसांत प्यायला पाणी आणावं लागतं त्या दिवसांत हा प्रकार करू नका. आम्ही श्रावणात करतो, तेव्हा वरूनच पाणी येतं.

हात वर राहतो की नाही हे कसं ओळखायचं? प्रत्येकाच्या मुठीत एकेक कोरडा रुमाल द्यायचा. घसरून उठल्यावर रुमाल तपासायचे. ओला झाला असेल, तर हात खाली टेकला होता. वाद घालायला जागाच नाही! सुरुवातीला आमच्या जवळजवळ सगळ्यांचे रुमाल भिजले. पडताना हात टेकणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की डोक्याला कळलं तरी हाताला कळायला वेळ लागतो.

आणि एक गोष्ट, जी मी त्या सामन्यात चुकले. घसरायचं कधी ते आधी ठरलेलं हवं. बेसच्या अलीकडे आपल्या उंचीच्या साधारण दीडपट अंतरावर फक्कीची रेघ मारून ठेवा. रेघ आली की बसायला सुरुवात. उडी नाही, ब्रेक नाही, पळता पळता बसायचं. उडी मारली की उंचावरून आपटता. वेग कमी केला की घसरत नाही, जागच्या जागी धप्पकन बसता. विज्ञानाच्या पुस्तकात घर्षणबल शिकलात ना? वेगात आलेलं अंग मांडीभर पसरून जमिनीवर टेकलं की घर्षण त्याला हळूहळू थांबवतं. तोच जोर एका टाचेवर किंवा एका तळहातावर आला, तर तिथंच काहीतरी मोडतं. म्हणून एकदा घसरायचं ठरवलं की मन बदलायचं नाही. आणि ठरवलंच नसेल, तर ऐन वेळी कुणी कितीही ओरडलं तरी घसरायचं नाही, अगदी बाई ओरडल्या तरी. उभ्यानं बाद व्हा, हरकत नाही.

लांब उडीच्या खड्ड्यात सराव करू का, असं मला मुलं विचारतात. वाळू मऊ असते, म्हणून ती सुरक्षित वाटते. पण घसरण्यासाठी ती वाईट, कारण टाच रुतते. मुरमाच्या मैदानावर तर उघड्या मांडीनं कधीच घसरू नका. मुरूम कातडी सोलून काढतो. आमचं मैदान मुरमाचंच आहे. त्यामुळं सामन्याआधी आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या अलीकडचा पट्टा खोऱ्यानं उकरून, चाळलेल्या मातीनं भरून, पाणी मारून घेतो. सकाळी लवकर येऊन हे करायला पालकांपैकी दोघं-तिघं येतात. त्यांचे आभार या निमित्तानं मानून घेते.

आता खो-खो खेळणाऱ्यांसाठी खास सूचना. तुम्हाला सूर मारायची सवय असते. पळणाऱ्याला गाठायला तुम्ही हात पुढं करून झेपावता, आणि ते दिसतंही छान. टीव्हीवर मोठे खेळाडूही बेसकडे डोकं पुढं करून झेपावताना दिसतात. पण खो-खोत समोर बेसही नसतो आणि हातमोजा घालून वाट अडवणारा खेळाडूही नसतो. इथं समोरच्याचा गुडघा, बूट किंवा चेंडू सरळ तोंडावर येऊ शकतो, बोटं बेसवर दुमडतात, मानेला धक्का बसू शकतो. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या संस्थेनं तर लहान गटांसाठी नियमच केला आहे, की पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढं करून घसरलात तर बाद. आधीच्या बेसकडे परतताना तशी मुभा आहे. आमच्या शाळेत तीही मुभा मी दिलेली नाही. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

पहिल्या बेसकडे जातानाही घसरू नका. तिथं पुढं पळत जायची परवानगी आहेच, मग घसरायचं कशाला? कित्येक मैदानांवर तिथं जोडबेस असतो, अर्धा पांढरा आणि अर्धा नारिंगी. पांढरा भाग आतल्या खेळाडूचा, बाहेरच्या बाजूचा नारिंगी भाग पळणाऱ्याचा. एकाच ठिकाणी दोघांचे पाय येऊन टक्कर होऊ नये म्हणून ही युक्ती.

बेसविषयी एक गोष्ट मोठ्यांनी वाचावी. अमेरिकेत मिशिगनमधल्या डेव्हिड जांडा नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी सॉफ्टबॉलपटूंच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि तो 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीत पक्क्या ठोकलेल्या बेसवर 627 सामने झाले, त्यांत घसरताना 45 जण जखमी झाले. धक्का लागला की जागचा निघून येणारा बेस लावून 633 सामने झाले, त्यांत जखमी किती? फक्त 2. खेळाडूंना वेगळं काही शिकवलं नव्हतं, फक्त बेस बदलला होता. हे आकडे पाहून मी आमचे लोखंडी खुंटीचे बेस काढूनच टाकले. तसले खास बेस महाग पडतात. सरावाला आम्ही जुन्या रबरी पायपुसण्याचे चौकोन कापून नुसते ठेवतो. पाय लागला की सरकतात. दर वेळी उचलून जागेवर ठेवावे लागतात, एवढाच त्रास.

आईबाबांनी आणखी एवढंच बघावं. सराव थोडा वेळच असू द्या, एका दिवशी प्रत्येकी आठ-दहा वेळा घसरणं पुरे. दमलेल्या पायाची टाच खाली येते. पुढचं मूल उठून बाजूला झाल्याशिवाय मागच्यानं निघायचं नाही. खरचटलं तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा, माती निघाली पाहिजे. हळद, चुना, तंबाखू यातलं काही दाबू नका. धनुर्वाताची लस झाली आहे का ते कार्डावर तपासा. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, आणि दहाव्या वर्षाची बऱ्याच मुलांची राहून गेलेली असते. मनगट, घोटा सुजला किंवा वाकडा दिसला तर चोळू नका, तेल लावू नका, आधार देऊन दवाखान्यात न्या.

घाबरणाऱ्यांचं काय, हे राहिलंच. आमच्यात एक मुलगा होता, ताडपत्रीपर्यंत वाऱ्यासारखा यायचा आणि काठावर येऊन थबकायचा. मित्र चिडवायचे. मी त्याला पंधरा दिवस घसरायला सांगितलंच नाही. रुमाल तपासायचं काम त्याला दिलं. एकेकाचे रुमाल बघता बघता कोण कुठं चुकतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. एक दिवस सगळे पाणी प्यायला गेले असताना तो एकटाच घसरला, आणि दोन्ही कोरडे रुमाल माझ्यासमोर आणून धरले. धक्का देऊन किंवा पैज लावून कुणाला घसरायला लावू नका. भ्यालेलं मूल शेवटच्या क्षणी मन बदलतं, आणि मोडतं ते तेव्हाच.

आता त्या मुलीचं सांगते. प्लॅस्टर निघालं, व्यायामानं हात बरा झाला, डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. आई मात्र नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडानं करणार होते? फक्त म्हणाले, ‘‘शनिवारी सकाळी शाळेत या. मी काय शिकवते ते बघा. मग ठरवा.’’ ती आली. पिंपळाच्या पारावर बसून तिनं तासभर सगळं पाहिलं. जाताना म्हणाली, ‘‘तुमची ताडपत्री फार आखूड आहे. पोरं शेवटी मातीत जातात.’’ पुढच्या शनिवारी मुलगी आली ती सायकलच्या कॅरिअरवर त्यांच्या कांदाचाळीची मोठी ताडपत्री बांधूनच. निरोप होता, कांदा झाकायच्या आधी परत पाहिजे.

ती सातवीत असताना पुन्हा तालुक्याचा सामना झाला. पहिल्यावरून दुसरा बेस तिनं सहज गाठला. मग एका लांब टोल्यावर तिसऱ्याकडे सुटली. चेंडू येताना मला दिसत होता. मी पदराचं टोक तोंडात धरून उभी होते, एक शब्द बोलले नाही. रेघ नव्हती, पण तिच्या डोक्यात होती. बरोबर जागेवर ती बसली, हात वर, टाच वर, आणि मातीचा लोट उठला.

अंपायरनं मूठ वर केली. आउट! चेंडू आधी पोहोचला होता.

ती उठली, पँट झटकली आणि बाहेर आली. तिची आई रेषेपाशीच उभी होती. तिनं आधी पोरीचे दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले. स्वच्छ होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘बाई, आमच्या ताडपत्रीला भोक पडलंय. तेवढं ठिगळ लावून द्या.’’